प्रवासाचं कारण

साखर कारखाना वसाहत, श्रीपूर
२९ मे २०२१

दादा,

वर ‘सप्रेम नमस्कार’ लिहून खोडलाय, तो डाग त्याचाच. सव्वा महिना जो भाऊ फोन उचलत नाही त्याला नमस्कार तरी कसा पोचवायचा? गेल्या वर्षी तू म्हणाला होतास, “फोनवर मला काय बी सांगत जाऊ नको, तुझ्या फोनवर माझा इस्वास न्हाय.” म्हणून कागदावर सांगते. कागद कट करता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच. सातवीपर्यंत शिकला आहेस, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालणार नाही. कऱ्हाडकडून मेंढरं घेऊन मंद्रूपला पोचलास की शेजारच्या मुक्ताबाईकडे हे पत्र असेल.

आई खरंच गेली, दादा. सतरा एप्रिलला, दुपारी दोनच्या सुमारास. मी फोन केला तेव्हा तू दोनच वाक्यं बोललास. “एकदा मारलीस की तिला, वैजू. आता आनिक किती खेपा मारशील?” आणि कट. मी परत लावला, ह्यांच्या फोनवरून लावला, तू बंद करून ठेवला होतास. चार दिवसांनी मुक्ताबाईने सांगितल्यावर तुला खरं वाटलं, तोवर आईची राख झाली होती. तुझी चूक होती असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही कट केला असता.

झालं ते असं. चौदा तारखेला मुक्ताबाईचा फोन आला की म्हाळसाबाईला धाप लागलीय, भाकरी करपली तरी वास येत नाही म्हणते. आम्ही गाडी करून मंद्रूपला गेलो आणि तिला सोलापूरला आणलं. तीन दवाखान्यांनी परत पाठवलं, चौथ्यात खाट मिळाली. शहराच्या नाक्यावर पोलिसाने गाडी अडवली, मागे आईकडे बघितलं आणि हातानेच ‘जा’ म्हणाला. कागद मागितलाच नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. प्लास्टिकमध्ये बांधून दिली. चार माणसं चालतील म्हणाले, आम्ही दोघंच होतो. अग्नी ह्यांनी दिला. मुलगा असून जावयाने दिला, हे गावात बोलतात ते माझ्या कानावर आलंय.

तू केस काढले नाहीस, हेही आलंय. “आईचं केस मी मागंच दिल्यात” असं तू मुक्ताबाईला म्हणालास.

म्हणून मागचं एकदा लिहून टाकते. गेल्या वर्षी मे महिन्यात लॉकडाऊन होता, आम्हाला सोलापूरला जायचं होतं आणि पास मिळत नव्हता. पासाच्या अर्जात ‘प्रवासाचे कारण’ अशी एक ओळ असते. ह्यांनी तिथे लिहिलं, ‘सासूबाईंचे निधन, मौजे मंद्रूप’. मंद्रूपचा पास मिळाला की सोलापुरातून जाता येतं, म्हणून. आई तेव्हा मुक्ताबाईच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. पास निघाला ते वजनकाट्यावरच्या सिद्धाप्पाला कळलं. बिचाऱ्याने चांगुलपणाने कारखान्याच्या ग्रुपवर टाकलं: ‘आपले सहकारी शिवराज यांच्या सासूबाई म्हाळसाबाई यांचे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली पंचावन्न जणांनी हात जोडले. सिद्धाप्पा आपल्याच भागातला, त्याच्याकडे तुझा नंबर. त्याने तुलाही पाठवलं. तू मला फोन केलास, मी खरं सांगणारच होते, तेवढ्यात फोन तुटला. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कळप वहिनीच्या गळ्यात टाकून तू निघालास, आणि तिसऱ्या दिवशी डोकं भादरून मंद्रूपच्या दारात उभा राहिलास. आतून आईने विचारलं, “कोन हाय?”

एक ओळ लिही. शिवी असली तरी चालेल.

वैजू


श्रीपूर
१८ जुलै २०२१

दादा,

मुक्ताबाई सांगत होती, पत्र तू घेतलंस, खिशात घातलंस आणि रानात गेलास. म्हणजे फाडलं नाहीस, किंवा रानात जाऊन फाडलंस. मी पहिलं धरून चालते.

मागच्या पत्रात एक खोटं होतं. अर्ज ह्यांनी नाही भरला, मी भरला. अंगणवाडीची रजिस्टरं लिहून लिहून माझं अक्षर वळणदार झालंय, तू चारचौघांत कौतुक करायचास. त्याच वळणदार अक्षरात मी आईला मारलं. हे शेजारी उभे होते, म्हणाले, “दुसरं काय तरी लिव्ह की.” मी म्हटलं, सांगा, काय लिहू.

सोलापूरला कशासाठी जायचं होतं, हे तुला आजवर कोणी सांगितलं नाही. आईने मला शपथ घातली होती, “त्येला ह्यातलं काय सांगू नको. गडीमानसाला काय सांगायचं आसलं.” आता शपथ घालणारीच राहिली नाही.

आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. मूल का नाही, हे तू कधी विचारलं नाहीस, वहिनीने विचारलं नाही, एवढे उपकार मी विसरणार नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं. मी दिवसभर दुसऱ्यांची पोरं काट्याला टांगून वजनं लिहिते आणि आयांना सांगते, ह्याला मऊ भात द्या, हिला डाळीचं पाणी द्या. एकदा एक जण म्हणाली, “बाई, तुमास्नी काय म्हाईत?” मी वजन लिहिलं आणि पुढच्या पोराला हाक मारली.

दोन हजार एकोणीसच्या दिवाळीनंतर आम्ही सोलापूरच्या एका सेंटरला जायला लागलो. भावाला हे लिहिताना हात अडखळतो, पण तू मेंढ्यांत जन्म काढलास, तुला काय नवं आहे? तिथे बाईच्या पोटातून बीज काढतात, बाहेर त्याचा गर्भ करतात आणि तो परत पोटात ठेवतात. बीज वाढावं म्हणून दहा-बारा दिवस रोज एक इंजेक्शन घ्यायचं. मार्चमध्ये माझं सहावं इंजेक्शन झालं आणि लॉकडाऊन लागलं. सेंटर बंद. तिथल्या डॉक्टर मॅडम फोनवर म्हणाल्या, आहे तिथेच थांबवा. सगळं वाया गेलं. मला एकोणचाळिसावं लागलेलं, आणि मॅडमनी आधीच सांगितलं होतं की तुमची बीजं वयाच्या मानाने फार कमी राहिलीत, आता महिनेसुद्धा घालवू नका. तेव्हा सगळ्या देशाला घरी थांबायला सांगितलं होतं. लोक थांबले, पापड केले, कुरडया केल्या. माझ्या आत जे संपत चाललं होतं त्याला थांब म्हणून कोण सांगणार?

मे महिन्यात मॅडमनी, ज्यांना अजून थांबवता येणार नाही अशा तिघींना बोलावलं. त्यात मी होते. पहिल्या पासासाठी रांगेत उभे राहिलो. मी अर्जात ‘उपचार’ लिहिलं होतं. खिडकीतल्या माणसाने मोठ्याने विचारलं, “कसले उपचार?” मागे कारखान्यातली दहा-बारा माणसं उभी, त्यांच्यातल्या दोघांच्या बायका माझ्या अंगणवाडीत येतात. मी म्हटलं, मुतखडा. पास मिळाला, सोनोग्राफी झाली, इंजेक्शनं बर्फाच्या डब्यातून घरी आणली. कारखान्याचा दवाखाना विलगीकरणाला दिलेला, म्हणून रोजचं इंजेक्शन जनावरांच्या दवाखान्यातल्या मल्लेशकडून घेतलं. त्याला सांगितलं, ताकदीचं आहे. गाई भरवणारा माणूस, त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्याचा हात मात्र हलका होता.

दुसऱ्या पासाला खिडकीतला तोच माणूस म्हणाला, “मुतखड्याला सोलापूर कशाला लागतंय? अकलूजला दवाखाने काय कमी हायेत? सोलापूर रेड झोन हाय, न्हाय मिळणार.” बघ, पहिलं खोटं बोलले नसते तर दुसरं बोलावं लागलं नसतं. तू विचारशील, मग तिथे खरं का नाही सांगितलंस. मी माझ्या मनाला समजावते की सांगितलं असतं तरी तो म्हणाला असता, पोर काय पळून चाललंय का, करा की पुढं निवांत. पण मी सांगून पाहिलं नाही.

शेवटचं एक इंजेक्शन असतं. ते घेतलं की पस्तीस तासांनी बीज काढावंच लागतं, नाहीतर गेलं. ते मल्लेशने अठरा तारखेला संध्याकाळी आठला दिलं. म्हणजे वीसच्या सकाळी सातला मी सोलापुरात टेबलावर पाहिजे, आणि हातात पास नाही. एकोणीसला सकाळी दुसऱ्या खिडकीवर गेले आणि ती ओळ लिहिली. निधनाचा पास अर्ध्या तासात मिळतो, दादा. त्या माणसाने वर “वाईट झालं, ताई” असंही म्हटलं.

आणि फोनचंही खोटंच लिहिलं होतं मी. तुझा फोन आला तेव्हा गाडी मोहोळच्या पुढे नाक्यावर होती. पोलीस खिडकीत वाकून पास वाचत होता. तू विचारलंस, “वैजू, आई गेली म्हनत्यात, खरं हाय व्हय?” पोलिसाने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “व्हय दादा, गेली.” तू रडायला लागलास. तुझं रडणं त्या पोलिसालाही ऐकू गेलं असेल, कारण त्याने पास घडी न घालताच परत दिला. नाका ओलांडल्यावर मी तुला लावला, पण लागला नाही. गावं तुम्हाला वेशीच्या आत घेत नव्हती, मोबाईल चार्ज करायला जागा नव्हती, तेव्हा तो दोष माझा नाही.

सात बीजं निघाली, त्यातून दोन गर्भ झाले. साथीत लगेच पोटात ठेवू नये म्हणून दोन्ही गोठवून ठेवले. एक या जानेवारीत ठेवला, राहिला नाही. दुसऱ्याची तारीख बावीस एप्रिल होती. सतराला आई गेली, एकोणीसला मला ताप आला, सेंटर परत बंद झालं. आता तो एकटा टाकीत आहे. नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात, तो उडत राहतो, सारखा भरावा लागतो. एप्रिलात जिकडेतिकडे ऑक्सिजन भरायची घाई होती तेव्हा नायट्रोजनची गाडी उशिरा आली. सेंटरमधून फोन आला, टाकीत पुरेसा आहे, काळजी करू नका. त्या दिवशी मी अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या गोण्या चार वेळा मोजल्या, चारही वेळा चुकल्या.

आता मॅडम नोव्हेंबर म्हणतात. हा शेवटचा, परत बीज निघायचं नाही. हा त्या वीस मेचा आहे. आईला कागदावर मारून जे आणलं ते एवढंच उरलंय. राहिला, तर कोणत्या तोंडाने तुझ्यापुढे आणू? नाही राहिला, तर मग हे कशासाठी केलं? थकलेय मी, दादा. तू शिवी तरी लिहायचीस.

वैजू


श्रीपूर
९ डिसेंबर २०२१

दादा,

तू परत वाटेला लागला असशील. हे पत्र मुक्ताबाईच्या फडताळात पडून राहील आणि तुला उन्हाळ्यात मिळेल. बरंच आहे. मलाही ते लगेच वाचलेलं नको आहे.

दिवाळीआधी तू बाजारात गेला होतास तेव्हा वहिनीने मुक्ताबाईच्या फोनवरून मला फोन केला. फार बोलली नाही. बाळाबाई वहिनी कधी फार बोलते? पण एक गोष्ट सांगितली आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणाली, “तुमचा फोन येईल म्हनून त्ये दुसऱ्या दिवशी पार दुपारपातूर टेकाडावर बसून हुते. मोबाईलमदी थोडंच चार्जिंग हुतं. तुमचा फोन चुकंल म्हनून दुसऱ्या कुनाला बी लावला न्हाय. मग वाट बगून बगून मेंढरं कातरायची कातर घेतली आन आमच्या थोरल्या सोमलिंगानं डुई केली.”

म्हणजे तुझा फोन चालू होता. मी मागच्या पत्रात रेंजवर आणि चार्जिंगवर ढकललं. खरं असं की मी लावलाच नाही.

लपवलं नाही, भ्यायले नाही, लाजले नाही. विसरले.

कसं विसरले ते सांगते, मग तुला काय म्हणायचं ते म्हण. नाका ओलांडला तेव्हा घड्याळ बघितलं, अजून पंधरा तास होते. सेंटरला पोचलो, तिथे आधी करोनाची तपासणी, मग कागदांवर सह्या. सकाळी भूल दिली. उठले तेव्हा मॅडम म्हणाल्या, सात. सात! मला तीनसुद्धा वाटत नव्हती. त्यानंतर माझ्या डोक्यात सात सोडून काही नव्हतं. गाडीत सात, घरी आले तरी सात. मी मघाशी कोणाला काय सांगून आले, कोण कुठे बसून रडतंय, काही नव्हतं डोक्यात. आई जिवंत आहे हे मला माहीत होतं ना, त्यामुळे ती मेली हे माझ्या लक्षातच राहिलं नाही.

एकवीसच्या सकाळी वसाहतीतल्या बायका दारात आल्या. दुःखाच्या घरात चूल पेटवायची नसते, म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आल्या होत्या. माझ्या सासूबाईंनाही, बजाबाईंना, आम्ही निधनच सांगितलं होतं. लेकीला आईचं तीन दिवसांचं सुतक, म्हणून त्यांनी मला कोपऱ्यात घोंगडीवर बसवलं, काम सांगितलं नाही. मॅडमनी तीन दिवस विश्रांती सांगितलीच होती. फुकटची विश्रांती मिळाली असं मला वाटलं, हेही लिहून ठेवते. पोटात आग पडली होती. मी त्या बायकांसमोर बसून दोन भाकरी खाल्ल्या. तिसरीचा तुकडा मोडला आणि एक जण म्हणाली, “भाव पोचला आसंल न्हवं मातीला?”

तेव्हा तू आठवलास.

घास तसाच टाकून उठले आणि फोन लावला. आता खरोखरच बंद होता. तू डोकं भादरून कऱ्हाडहून दुधाच्या टँकरमध्ये बसला होतास. मागे वहिनीला त्या गावाने रानातून हाकललं, तिने एकटीने कुंपणाच्या जाळीची वाघर गुंडाळून मेंढरांचा वाडा हलवला, त्यात सात कोकरं गेली. माझी सात आणि तुझी सात. हा हिशोब मी मांडलेला नाही, तो तसाच आला.

मंद्रूपच्या दारात काय झालं ते आईने मला सांगितलं होतं. तुझ्या डोक्यावरून तिने हात फिरवला, कानाजवळ दोन ठिकाणी कातर लागलेली तिथे हळद लावली. तू तांब्याभर पाणी प्यालास, तिच्याकडे बघत बसलास आणि तसाच परत फिरलास. जूनमध्ये मी गेले तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, अगदी सेंटरसकट. रागावेल म्हणून खाली मान घालून बसले होते. ती म्हणाली, “आन की त्यो कागद.” पर्समध्येच होता. म्हणाली, “वाच. मी कशानं मेली त्यात?” मी सांगितलं, कशाने ते विचारत नाहीत. तर हसायला लागली. “फुकाटच मेली म्हन की.” मग म्हणाली, मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, बघ मी आता तुझं पोर न्हाऊ घालूनच जाते. त्या खोट्या बातमीनंतर अकरा महिने जगली.

तो कागद अजून आहे. फेकवत नाही.

नोव्हेंबरच्या पंधराला तो शेवटचा गर्भ ठेवला. पाच दिवसांपूर्वी तपासणी झाली. राहिलाय म्हणतात. अजून फार लवकर आहे, कोणाला सांगितलेलं नाही, सासूबाईंनासुद्धा नाही. हे आनंदाने माझी फिरकी घेत फिरतायत, सारखे मला ‘बाईसाहेब, उठू नका’ म्हणतात. मला आनंद होतो आणि लगेच भीती वाटते, कारण मागच्या वेळी मला आनंद झाला तेव्हा मी काय विसरले ते मला माहीत आहे.

ह्या वेळी उत्तर मागत नाही.

वैजू


श्रीपूर
८ जून २०२३

दादा,

दीड वर्ष लिहिलं नाही. लिहायला बसले की ती उठायची. ‘ती’ म्हणजे माझी मुलगी. तुला मुक्ताबाईकडून कळलं असेलच, पण मी सांगितलेलं नाही, म्हणून सांगते. गेल्या वर्षी जुलैच्या एकोणतीसला झाली. अडीच किलो. माझ्या अंगणवाडीच्या काट्याला मी स्वतः टांगली आणि माझ्याच रजिस्टरात लिहिली. म्हाळसा नाव ठेवावं असं फार वाटत होतं, धीर झाला नाही. अंकिता ठेवलं.

मी एकेचाळिसाव्या वर्षी आई झाले. पाठ धरते, गुडघे बोलतात, बसमध्ये कोणीतरी ‘नातीला द्या इकडं’ म्हणतं. झोप कशी असते ते विसरले. तक्रार नाही करत, नुसतं सांगते. ज्याच्यासाठी एवढं केलं ते मिळालं आणि तरी मी दमलेलीच आहे, हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, हिला काही केल्या समाधान नाही.

केस म्हणशील तर काळेभोर, मानेपर्यंत आलेत. आता अकरावा महिना लागलाय, जावळ काढायला पाहिजे. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, हे मी तुला काय सांगायचं. वहिनीच्या पोरांचं तिच्या भावाने काढलं तेव्हा तू त्याला फेटा बांधला होतास. सासूबाई रोज विचारतात, “मामा कवा येनार हाय?” मी म्हणते, मेंढरं लांब आहेत. मेंढरं जूनमध्ये कुठे असतात ते त्यांनाही माहीत आहे.

परवा हे म्हणाले, माझ्या मामाच्या मुलाला बसवू की, त्यालाही मामाच म्हणतील, कोण बघायला येतंय. त्यांचं चुकत नाही, असं करतात लोक. पण मी नाही म्हटलं. जरा जोरातच म्हटलं, पोरगी दचकली. एकदा त्या ओळीत एक लिहून दुसरं केलं, त्याला तीन वर्षं झाली आणि मी अजून ते निस्तरते आहे. आता तिच्या पहिल्या केसांनाही मी खोटा मामा बसवायचा का?

तेव्हा माझं ठरलंय. तू आलास तर जावळ होईल. नाही आलास तर होणार नाही, केस वाढतील, मी वेणी घालीन. लोक विचारतील तेव्हा जे झालं ते सांगीन, मोठी झाल्यावर तिलाही सांगीन, की तुझा जन्म कुठून सुरू झाला आणि तुझ्या मामाने त्या दिवशी काय दिलं. तुझ्यावर जोर नाही. ज्या दिवसाने तुला भादरलं त्याच दिवसाची ही पोर आहे. तिला मांडीवर घेणं तुला जमेल का, ते मला खरंच ठाऊक नाही. मला जमलं असतं का, तेही ठाऊक नाही.

येत्या महिन्यात कोणताही रविवार चालेल.

वैजू


मंद्रूप
२१ जून २०२३

वैजू,

पत्रं चारी पोचली. मला लिव्हायची सवय न्हाय, चुकलं तर समजून घे.

पयलं वाचून राग आला. तिसरं वाचून लई आला. विसरले म्हनून लिव्हलंस तितं मी कागद ठिवून दिला तो आठ दिस उचलला न्हाय. बाळाबाई म्हनाली, खोटंच बोलायचं आसतं तर वन्संनी ह्ये लिव्हलं नसतं. मग म्होरं वाचलं. ती म्हनती त्ये मला पटलं न्हाय, पर ऐकलं.

सोलापूरला पोरासाटी जायचं हुतं तर मला सांगायचं हुतंस. आईची शपत मोडायची हुतीस. पास नसता मिळाला तर मेंढरांच्या वाटंनं पाठकुळी घिऊन पोचवली आसती तुला. पस्तीस तास लई हुत्यात. मेंढक्याला वाटा म्हाईत आसत्यात, नाकं लागत न्हाईत.

दोन जुलैचा रविवार धर. बाळाबाई कुची आन झबलं शिवती हाय. न्हावी तूच बगून ठिव, आमची कातर पोरीच्या डोक्याला चालत न्हाय, मला म्हाईत हाय.

पर त्याच्या आदी येक काम ऱ्हायलंय. खोट्या वक्ताला मी केस दिलं. खऱ्या वक्ताला दिलं न्हाईत. त्ये दिल्याबिगर मी तुझ्या लेकीला मांडीवर घेनार न्हाय. आन द्यायचं तर आदी आई गेली ह्ये मला कुनी तरी सांगाय पायजे. गाव म्हनतंय, मुक्ताबाई म्हनती, तू लिव्हलंस. पर सतरा एप्रिलला तू सांगत हुतीस आन मी मदीच तोडलं, तितंच ऱ्हायलंय समदं.

ह्ये पत्र मिळालं की फोन कर. मोबाईल चार्ज करून ठिवलाय. पयल्यापास्नं सांग, कवा गेली, कशी गेली. शेवटाला माझं नाव काढलं का, त्ये तू चारी पत्रांत कुटंच लिव्हलं न्हाईस. काढलं नसंल तर न्हाय म्हन. खरं काय आसंल त्ये सांग.

ह्या खेपंला मी तोडनार न्हाय.

माउली